नाना, कूलर बंद केलाय

नाना, शोकसभेत माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठलो नाही. मान खाली घालून बसून राहिलो. लोकांना वाटलं, गहिवरला बिचारा. शेजारच्या गृहस्थांनी तर पाठीवर हात ठेवला. खरं सांगू? मला हसू येत होतं.

माझ्या आधी प्राचार्य बोलले होते. "नानांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे," असं म्हणून ते खाली बसले. ज्या माणसाने पोरांना जन्मभर हेच शिकवलं की घन पदार्थातली पोकळी भरते, हमखास भरते, फक्त भरताना शेजारी नवी पोकळी सोडून जाते, त्याच्याच फोटोला हार घालून हे विधान. तुम्ही मागच्या बाकावर असता तर हात वर केला असता. पण तुम्ही फोटोत होता. हे ध्यानात आलं आणि मग हसू गेलं.

थकलोय, नाना. चार दिवसांत दोनदा जळगाव-धुळे केलं, त्याचा हा थकवा नाही. सहा वर्षं मी एक वाक्य तोंडात धरून फिरतोय. 'तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं,' एवढंच. बसस्टँडवरून तुमचं घर दहा मिनिटांवर, आणि मला सहा वर्षं पुरली नाहीत. आता लिहून काढतो, दुसरा इलाज राहिलेला नाही. मध्ये मध्ये इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं समजावून सांगावं लागेल. तेवढं तुम्ही सोडून वाचा. तुम्हाला ते माझ्यापेक्षा चांगलं येतं.

मी जळगावच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा, आणि पीएच.डी.च्या मागे लागलेला. विषय असा: घन ऑक्साइडमधून कमी तापमानाला ऑक्सिजनचे आयन कसे सरकतात. घरात हा विषय कोणालाच धड सांगता आला नाही. सासरे पाहुण्यांना सांगायचे, "जावईबापू दगडातून हवा काढतात." ते काही फार चुकीचं नव्हतं. एकदा त्यांनी विचारलं, कमी तापमान म्हणजे किती? मी म्हटलं, चारशे-पाचशे अंश. त्यांनी सावकाश सासूबाईंकडे पाहिलं. पोरगी दिल्याचा पश्चात्ताप मी इतक्या जवळून पुन्हा पाहिला नाही.

माझे मार्गदर्शक लांबच्या विद्यापीठात. वर्षातून दोनदा भेट व्हायची, त्यातल्या एकदा ते मला ओळखायचे. पण भट्टी धुळ्यात होती, तुमच्याकडे. तुम्ही भौतिकशास्त्राचे, स्वतःच्या हाताने तार गुंडाळून भट्ट्या बनवणारे. स्वतःची पीएच.डी. तुम्ही अर्ध्यावर सोडली होती. का, ते मी कधी विचारलं नाही. हा माझा समंजसपणा होता असं मी बरीच वर्षं समजत होतो.

पहिल्या भेटीत तुम्ही "या डॉक्टर" म्हणालात. डॉक्टर व्हायला मला अजून बराच अवकाश होता. मग खिशातून पोरांचं ते प्लास्टिकचं कोडं काढलंत. चौकटीत पंधरा आकडे, सोळावं घर रिकामं.

"हाई रिकामं घर बुजी टाकं, ते आकडा हालतीन का?"

"नाही हलणार."

"मंग बठ्ठी गंमत रिकामा घरनी शे. आकडासनी नही."

बठ्ठी म्हणजे सगळी, तुमच्या अहिराणीत. मार्गदर्शकांनी दिलेल्या जाडजूड पुस्तकात जे मला तीन प्रकरणांत कळलं नव्हतं ते एवढंच होतं. सिरियमच्या ऑक्साइडमध्ये काही सिरियमच्या जागी कमी भाराचा परका अणू बसवायचा. मग भार जुळवायला काही ऑक्सिजनच्या जागा आपोआप रिकाम्या राहतात. शेजारचा ऑक्सिजन त्या रिकाम्या जागेत उडी मारतो, त्याची जागा मोकळी होते, तिच्यात त्याच्या शेजारचा. दगड जागचा हलत नाही आणि ऑक्सिजन आरपार जातो.

पुढच्या शनिवारी आलो तर ते कोडं तुमच्या पत्नीने, अक्कांनी, केलेल्या गुळाच्या पाकात बुचकळून, गार करून ठेवलेलं. "आते सरकाव." मी जोर लावला, बोटं चिकटली, एक आकडा हलेना. तुम्ही ते उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर धरलंत. पाक पातळ झाला, आकडे सुटले. "ऊन ऱ्हायनं ते चालस. थंडं व्हयनं का बठ्ठा बठी जातस. हाऊच तुन्हा प्रबंध शे." अक्का आतून म्हणाल्या, "आणि तो पाक कोण खाईल?" पाक आपण दोघांनी खाल्ला, आकड्यांसकट चाटून.

गारव्यात आणखी एक अडचण असते, तीही तुम्हीच सांगितलीत. रिकामी जागा त्या परक्या अणूला चिकटून बसते आणि हलत नाही. लग्नात रुसलेल्या जावयाशेजारची खुर्ची जशी; रिकामी असते, पण कोणाच्या उपयोगाची नसते. मी खूप हसलो होतो. रुसलेला जावई पुढे मीच होणार होतो, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

तुमची भट्टी मी जाळली ती गोष्टही इथेच सांगून टाकतो, कारण तुम्ही ती माझ्यादेखत कोणाला सांगितली नाहीत आणि माझ्यामागे बहुतेक सगळ्यांना सांगितलीत. तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलच्या दोन तारा मी उलट्या जोडल्या. वीज वाढवावी तसा काटा शून्याच्या खाली जायला लागला. शहाण्याने थांबावं. मी विचार केला, भट्टी तापत नाहीये, आणि वीज आणखी वाढवली. काटा आणखी खाली. असं करत करत तार वितळून तुटली. तुम्ही आलात, वास घेतलात, काट्याकडे पाहिलंत. "अभिनंदन, डॉक्टर. धुळ्यात बर्फ पाडलंत." बास. पुढचे दोन रविवार ओट्यावर बसून नवी तार गुंडाळलीत. तारेचं एक टोक अक्कांच्या हातात, दुसरं तुमच्या, आणि मी मध्ये बसून वेढे मोजायचो. मोजण्यात चुकलो तेव्हा मला चहा करायला पाठवलंत.

एवढा माफ करणारा माणूस. त्याच्याशी मी सहा-सात वर्षं धड बोललो नाही.

'कमी तापमाना'चा ध्यास खरा तुमचा. मला पदवी हवी होती, तुम्हाला पेटी हवी होती. शेणाचा गॅस एका बाजूने, हवा दुसऱ्या बाजूने, मध्ये ही ऑक्सिजन सरकवणारी चकती, की वीज तयार. जगात तसल्या पेट्या होत्या, पण आठशे-हजार अंशांवर चालणाऱ्या. तुमचं गाव पिंपळनेरकडचं, बहीण तिथे. "आठशे अंशवर चालनारी पेटी मन्ही बहीणना ओटावर कोन ठेवी?" म्हणायचात. तिथली वीज कधी येते आणि कधी जाते हे फक्त डासांना माहीत, हेही म्हणायचात.

म्हणून त्या मे महिन्यात मला जे दिसलं त्याने मी हवेत गेलो.

आता जळगावला माझी स्वतःची भट्टी होती, तुम्हीच करून दिलेली. चकती सहाशे अंशांपर्यंत तापवायची आणि गार होताना वाहकता मोजत यायचं. आलेखावरची रेघ सरळ खाली उतरत जाते. माझी रेघ उतरत आली, दोनशेच्या खाली गेली, आणि वर वळली. चकती गार होत होती आणि वाहकता वाढत होती. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. गारव्यातही आयन धावतायत! मी बायकोला सांगितलं, ती म्हणाली, "मग आता घरी लवकर येत जाल का?" मार्गदर्शकांना पत्र टाकलं, आणि त्यांनी पहिल्यांदाच उलटटपाली उत्तर दिलं. परिसंवादात मांडा म्हणाले. पत्रात माझं नावही बरोबर लिहिलं होतं.

तीच चकती घेऊन मी तुमच्याकडे आलो. तुम्ही ती बोटांत धरून उजेडात पाहिलीत. आपल्या भट्ट्या फार वर जायच्या नाहीत, त्यामुळे माझ्या चकत्या घट्ट होत नसत, आतून भाकरीसारख्या जाळीदार राहत. "चकती कसानी, नागलीना पापड शे हाऊ. हवा लागनी का सादळी जाई." मी थट्टा समजलो. तुम्ही धुळ्याला मोजलीत. रेघ सरळ खाली गेली. कुठे वळण नाही, काही नाही.

"तुमचं मीटर म्हातारं झालंय," मी म्हणालो.

तुम्ही भांडला नाहीत. पुढच्या आठवड्यात चकती घेऊन स्वतः जळगावला आलात, भर उन्हात, पारोळ्याला बस बदलून. माझ्या प्रयोगशाळेत दिवसभर स्टुलावर बसलात. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालेलं. खिडकीत माझा पत्र्याचा कूलर, ओल्या गवताचा, घोंघावत होता. त्याचा झोत सोयीसाठी मी थेट टेबलावर घेतला होता, भट्टीसमोर बसणं सुसह्य व्हावं म्हणून. दुपार कलताना तुमच्या डोळ्यांदेखत रेघ वर वळली.

मी तुमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्या नजरेची मला आज लाज वाटते.

तुम्ही काट्याकडे पाहिलंत. मग खिडकीकडे. म्हणालात, "आधी तो कूलर बंद कर."

नाना, इथे माझी बाजू एकदाच मांडतो. तुमच्या घरी कूलर नव्हता, आणि ज्याच्या घरी असेल त्याची तुम्ही हजेरी घ्यायचात. "खान्देशमां जन्मना ना? मंग घामनी काय लाज?" हे मी तुमच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. तेव्हा 'कूलर बंद कर' हे मी तुमचं नेहमीचं प्रवचन समजलो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध समोर आहे आणि हा माणूस मला साधेपणा शिकवतोय, असं वाटलं. तुम्ही एक वाक्य पुढे बोलला असता तर कळलं असतं. पण ते वाक्य मी बोलू दिलं नाही. म्हणालो, "तुमची पीएच.डी. झाली नाही म्हणून माझी होऊ द्यायची नाही, असंच ना?"

कूलर घोंघावत होता. त्या आवाजात ते वाक्य हरवलं असतं तर बरं झालं असतं. तुम्हाला नीट ऐकू आलं.

तुम्ही जिव्हाळ्यात अहिराणी बोलायचात आणि रागात पुस्तकी मराठी. उठलात, पिशवी घेतलीत आणि म्हणालात, "ठीक आहे. आपलं बरोबर असेल." मला 'आपलं' म्हणालात. मीही कमी नाही. फडक्यात धरून चकती बाहेर काढली आणि तुमच्या हातावर ठेवली. "न्या. धुळ्यात हवी तशी मोजा." तुम्ही मूठ मिटलीत आणि गेलात. चहा सांगितला होता, तो दोन्ही कप मीच प्यालो.

परिसंवादात मी मांडलं. टाळ्या वाजल्या. मागे बसलेल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, "हवा कोरडी होती का?" मी म्हणालो, "बाई, आम्ही जळगावचे. मे महिन्यात आमच्याकडे याहून कोरडं काही नसतं." पुन्हा टाळ्या. असा मी हजरजबाबी.

पुढच्या उन्हाळ्यात एके दिवशी कूलरचा पंप जळला. गवत कोरडं, पंखा गरम हवा फेकतोय. मी चिडचिड करत, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन मोजायला बसलो. रेघ सरळ खाली गेली. कुठे वळण नाही, काही नाही.

उठून कूलरचं कोरडं गवत हाताने चाचपलं. ऑक्सिजन धावत नव्हता, नाना. भट्टी गार झाली की कूलरची दमट हवा त्या जाळीदार चकतीत शिरायची, भोकाभोकांत पाणी धरायचं आणि त्या पाण्यातून वीज वाहायची. बाहेर सगळा खान्देश कोरडा ठणठणीत, आणि मी टेबलापुरता पावसाळा तयार करून त्यात शोध लावला. तुमच्या धुळ्याच्या खोलीत कूलर नव्हता, म्हणून तुमची रेघ खरी. नागलीचा पापड सादळला होता, एवढंच झालं होतं.

मी काय केलं? आलेख दोनशे अंशांवर कात्रीने कापला. परिसंवादातलं ते पुन्हा कुठे छापलं नाही, खोडलंही नाही. दोनशेच्या वरची रेघ प्रामाणिक होती, तिच्यावर प्रबंध लिहिला आणि डॉक्टर झालो. तुमचं पोस्टकार्ड आलं: 'डॉ.' असं नावाआधी लिहिलेलं, खाली एक ओळ, 'आनंद झाला.' पुस्तकी मराठीत.

सांगायला निघालो नाही असं नाही. परीक्षक म्हणून धुळ्याला आलो तेव्हा तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहून पान खाल्लं आणि परत गेलो. दुसऱ्यांदा केळी घेतली होती. ती पारोळ्यापर्यंत मीच संपवली. पुढे नुसतं दिवाळीचं कार्ड. चूक कबूल करायची तर ताजी असताना करावी. नंतर तिच्याबरोबर उशीरही कबूल करावा लागतो, आणि उशिराला कारण देता येत नाही.

शोकसभेनंतर अक्कांकडे गेलो. त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात. तुमची वस्तू आहे." फडताळातून लोणच्याची काचेची बरणी काढली. झाकणाला व्हॅसलीन लावून घट्ट बसवलेलं. तळाशी दाणे, वर चाळणीच्या तुकड्यावर माझी चकती.

तेच ते ओल शोषणारे दाणे, प्रयोगशाळेत असतात ते. कोरडे असले की निळे, ओल धरली की गुलाबी. गुलाबी झाले होते.

"दर पंधरा दिवसांनी तव्यावर भाजायचे," अक्का म्हणाल्या. "मी वेगळा तवाच दिला होता. निळे झाले की परत बरणीत. दवाखान्यात नेलं त्यानंतर राहून गेलं. मला जमलं नाही हो."

मी विचारलं, "त्यांनी मोजली का ही कधी?"

"छे. मी म्हटलं ना एकदा, तुम्हीच मोजून टाका, बरणी अडून बसलीय. तर म्हणाले, ती तेन्ही शे, तोच मोजी."

नाना, एक गोष्ट तुम्हालाही माहीत होती आणि मलाही. चकती भट्टीत सहाशेला नेली की सगळं पाणी उडून जातं. ती आधी सात वर्षं बरणीत होती की नळाखाली, काही फरक पडत नाही. शास्त्राच्या दृष्टीने त्या बरणीची काडीचीही गरज नव्हती. तुम्ही दर पंधरा दिवसांनी ते दाणे भाजत होता.

अक्कांनी तवा ठेवला. मी दाणे ओतले आणि उलथन्याने हलवत राहिलो. गुलाबी, मग जांभळे, मग एकेक करून निळे. अक्का दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "ते असेच हलवायचे. जरा जास्त वेळ."

काल दुपारी मोजायला बसलो. हे कोणत्याही प्रबंधात जाणार नाही. माशांच्या टाकीचा छोटा पंप आणला, काचेच्या नळीत तुमचे निळे दाणे भरले, हवा त्यांच्यातून गाळून भट्टीत सोडली. खिडक्या लावल्या. कूलर बंद केला. सहाशेपासून उतरत आलो. चारशे, तीनशे, रेघ सरळ. दोनशे, सरळ. दीडशेला काटा जेमतेम थरथरला. शंभराला शून्यावर टेकला आणि पडून राहिला. थंडं व्हयनं का बठ्ठा बठी जातस.

मग दाण्यांची नळी काढली आणि कूलर लावला. अर्ध्या तासाने काटा हलला. हळूहळू, अगदी ऐटीत, वर चढत गेला. सात वर्षांपूर्वी चढला होता तसाच. माझा शोध. त्याला पाहून बरं वाटलं, काय सांगू.

तुमचं बरोबर होतं, नाना. माझं चुकलं. आणि मी जे बोललो ते चकतीबद्दल नव्हतं, तुमच्याबद्दल होतं. ते कूलर बंद करून दुरुस्त होत नाही, हेही कळतं.

तरी उठलो आणि कूलर पुन्हा बंद केला, नळी जागेवर लावली. काटा परत शून्यावर यायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ स्टुलावर बसून होतो. सदरा भिजला, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. पुसला नाही.